जागलीवरचा वाद

"एकट्यानं राती रानात बसून शांती भेटत असती न बाई, तर आमच्या गावातली अर्धी माणसं आतापावेतो बुद्ध झाली असती."

मामांचं वावर सेलू तालुक्यात, बोरच्या जंगलाला जवळजवळ खेटून. हरभऱ्याला घाटे धरले की ते जागलीला जातात, म्हणजे रात्रभर पीक राखायला. वाद सुरू झाला माझ्या एका इच्छेवरून. मला एक रात्र त्यांच्या मचाणावर एकटीला बसायचं होतं, मोबाइल बंद ठेवून. मी पाली शिकवते. मज्झिम निकायातलं भयभेरव सुत्त फळ्याजवळ उभं राहून पुरतं कळत नाही, असं मला फार दिवसांपासून वाटत आलं आहे. मामांना हे पटलं नाही. नुसतं पटलं नाही असं नव्हे, त्यांना राग आला. हा राग मला मोलाचा वाटतो, म्हणून वाद जसा झाला तसा लिहिते. माझी बाजू कोणती ते लपवत नाही.

"काय सांगते तुझं सुत्त?" त्यांनी विचारलं.

"जानुस्सोणि नावाचा ब्राह्मण बुद्धाकडे येतो. म्हणतो, एकांतात, दाट रानात राहणं फार अवघड. मन एकाग्र नसेल तर ते रान मनाला पळवून नेत असेल. बुद्ध म्हणतो, अगदी खरं आहे. बोधी मिळण्याआधी मलाही असंच वाटायचं. मग तो सांगतो की त्यानं मुद्दाम भीतीच्या रात्री निवडल्या. पक्षातली चतुर्दशी, पंधरावी आणि अष्टमी. आणि मुद्दाम भीतीच्या जागा निवडल्या, जिथे लोक अंगावर काटा येतो म्हणून फिरकत नसत, असली बनातली आणि झाडाखालची देवस्थानं. रात्री एखादं हरीण येई, मोर काटकी पाडी, वारा पाचोळा हलवी. त्याला वाटे, आली बहुतेक ती भीती."

"अन् मंग?"

"मग त्याच्या मनात येतं, मी सारखा भीतीची वाट पाहत का बसलोय? ती ज्या स्थितीत येईल त्याच स्थितीत तिला संपवावं. चालताना आली, तर ती जाईपर्यंत तो उभा राहत नाही, बसत नाही, आडवा होत नाही. चालतच राहतो. बसलेला असताना आली, तर उठत नाही."

मामा बराच वेळ तंबाखू मळत राहिले. मग म्हणाले, "त्याले पीक राखायचं नव्हतं."

हा त्यांचा पहिला आक्षेप, आणि मला वाटतं हाच सगळ्यांत जड. जागल्याचं कामच वाट पाहण्याचं. रानडुकराचा कळप वावरात शिरला की एका रातीत होत्याचं नव्हतं होते. रोही आले तर हरभरा खातात त्याहून जास्त तुडवतात. "आमी कान लावून बसतो. तू म्हणते वाट पाहू नको. वाट नाही पाह्यली तर सकाळी वावरात काय पाहू?"

मी म्हटलं, डुकराची वाट पाहणं वेगळं आणि भीतीची वाट पाहणं वेगळं. डुक्कर बाहेर असतं. ते आलं की हाकलता येतं. भीती डुकराच्या आधी येते आणि डुक्कर गेल्यावरही थांबते. सुत्तात हरीण खरं आहे, मोर खरा आहे. त्यांच्या आणि आपल्या मधे जे तिसरं काही उभं राहतं, त्याच्याविषयी बुद्ध बोलतो.

"हे तुले मचाणावर बसून समजलं का पुस्तकातून?"

"पुस्तकातून. म्हणून तर बसायचं आहे."

यावर ते हसले नाहीत. ते सांगू लागले आणि मी ऐकत गेले. पाचोळा वाजला तर तो चालून वाजला की घसटून वाजला, हे पहिल्यांदा ऐकायचं. मोर कशालाही ओरडतो, त्याच्यावर भरवसा ठेवायचा नाही. चितळ पुष्कळदा खरं बोलतं, पण घाबरट जात. सांबर उगाच ओरडत नाही. झाडावरचं वानर खोकल्यासारखं ओरडू लागलं तर त्यानं डोळ्यानं पाहिलं आहे असं समजायचं. वाघ असला तर तो कुठून कुठे चालला आहे, ते एका झाडावरून दुसऱ्या झाडावर सरकणाऱ्या आवाजावरून कळतं. "अन् सारं एकदम चूप झालं, रातकिडेबी, तर मंग खाली उतरायचं नाही."

"मामा, तुम्ही जे सांगता आहात त्यालाच मी शहाणपण म्हणते. एकट्यानं, रात्री, रानात बसून आलेलं."

"हे शहाणपण नाही बाई, हे पोट आहे."

मला हे उत्तर आवडलं, पटलं मात्र नाही. पोटासाठी शिकलेलं शहाणपण हलकं, आणि मुक्तीसाठी शिकलेलं तेवढं खरं, ही वाटणी आपल्याकडे फार जुनी आहे, आणि तिच्यामुळे शेतकऱ्याचं, गुराख्याचं ज्ञान कधी ज्ञान म्हणून मोजलंच गेलं नाही. वीस पावसाळे ज्यानं एका नाल्याच्या काठानं ढोरं चारली, त्याला त्या रानाची भीती किती वाटावी याचं बरोबर माप असतं. कमीही नाही, जास्तही नाही. हे माप माझ्याकडे नाही. मला पाचोळ्याचा प्रत्येक आवाज सारखाच भयंकर वाटेल.

पण मामांना माझ्या कौतुकाचं काही नव्हतं. ते दुसऱ्याच गोष्टीकडे वळले. "बोर अभयारण्य झालं १९७० ले, व्याघ्र प्रकल्प झाला २०१४ ले. सव्वाशे-दीडशे चौरस किलोमीटरचं जंगल, हे येवढुसं. वाघ काय त्या रेघीच्या आत राहते? २०१७ ची गोष्ट आठवते न तुले?"

आठवत होती. ब्रह्मपुरीच्या बाजूला पकडलेली एक वाघीण त्या वर्षी जुलैच्या शेवटी बोरमध्ये आणून सोडली. ती इथे टिकली नाही. गावागावांच्या शिवारातून शेकडो किलोमीटर चालत राहिली. माणसं मेली. तिला मारण्याचा आदेश निघाला, तो कोर्टात गेला, आणि ऑक्टोबरात कारंजा तालुक्यातल्या एका शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेच्या तारेला लागून ती मेली. त्या अडीच महिन्यांत या पट्ट्यातले लोक वावरात एकटे गेले नाहीत. कापूस वेचायला बाया घोळक्यानं जायच्या, मोठ्यानं बोलत.

"तवा भ्यालो म्हणून वाचलो," मामा म्हणाले. "उन्हाळ्यात मोहफुलं वेचाले जाते न बाई अंधारात, वाकून वेचते, वाघाले ती माणूस वाटतच नाही. फॉरेस्टवाले सांगतात, एकटं जाऊ नका, गटानं जा, आवाज करा. अन् तू म्हणते एकटी जाईन, चूप बसीन. आमी जे टाळाले शिकून राह्यलो, तेच तुमी लोक साधना म्हणून करता."

यावर माझ्याकडे एक उत्तर होतं आणि ते मी दिलं. भयभेरव सुत्त धोक्याविषयी नाहीच. अंगावर चालून आलेल्या वाघासमोर बसून राहा, असं बुद्ध कुठेही सांगत नाही. विनयाच्या नियमांत तर वाघ, साप, पूर, वणवा, चोर असं संकट आलं की भिक्षूंनी नेहमीचे नियम बाजूला ठेवावेत, वर्षावासाची जागासुद्धा सोडावी, अशी मोकळीक आहे. भय आणि धोका यांची गाठ सोडवणं, एवढंच त्या सुत्ताचं काम.

मग मी त्यांना सेवाग्रामची आठवण करून दिली. लहानपणी त्यांनीच मला बापूकुटी दाखवायला नेलं होतं. तिथे साप पकडायचा लाकडी चिमटा आणि पिंजरा ठेवलेला आहे. १९३६ साली गांधीजी तिथे राहायला आले तेव्हा त्या गावाचं नाव शेगाव होतं. साप, विंचू, हिवताप, सगळं होतं. साप मारायचा नाही असं ठरलं. मग करायचं काय? चिमट्यानं धरायचा, पिंजऱ्यात घालायचा, लांब नेऊन सोडायचा.

"पण त्याच्या बऱ्याच आधीची एक गोष्ट आहे, मामा. दक्षिण आफ्रिकेत १९१० साली टॉल्स्टॉय फार्म सुरू झाला. तिथे गांधीजींचे मित्र कॅलनबाख यांच्या खोलीत एकदा साप निघाला, अशा जागी की त्याला हाकलताही येईना, धरताही येईना. गांधीजींनी तो मारायला परवानगी दिली. पुढे त्यांनी लिहून ठेवलं की साप हातानं धरण्याइतकं निर्भयपण आपल्यात नव्हतं. कॅलनबाखनं मात्र सापांवरची पुस्तकं गोळा केली, विषारी कोणता, बिनविषारी कोणता हे सगळ्यांना ओळखायला शिकवलं. आणि पंचवीस-सव्वीस वर्षांनी शेगावात तो चिमटा आला."

"म्हणजे भीती गेली नाही. चिमटा आला."

"हो. मला तेच म्हणायचं आहे."

"मंग तू माझंच म्हणून राह्यली."

त्या क्षणी मला वाटलं, वाद इथे संपवता आला असता. दोघांचं म्हणणं एका जागी आलं होतं. पण तसं करणं खोटं झालं असतं, कारण चिमट्यानं सापाचा प्रश्न सुटतो, रात्रीचा सुटत नाही. साप लांब सोडून आल्यावरही अंधारात पाय टाकताना जो गोळा पोटात येतो, त्याला कोणता चिमटा आहे? बुद्धाच्या उत्तराखेरीज मला दुसरं सापडलेलं नाही. ज्या पायावर आहात त्याच पायावर राहा.

मामांनी मग मला सर्वांत अडचणीचा प्रश्न विचारला. "वाघाचं सोड. तुले कायची भीती वाटते, खरं सांग."

मी सांगितलं. पवनारला धाम नदीच्या काठी मी कधीकधी एकटीच बसते. संध्याकाळ उतरू लागली की मी उठते. पाण्याची भीती नसते, अंधाराचीही नसते. मागून पावलांचा आवाज आला आणि तो माणसाचा असला, की वाटते.

मामा काही बोलले नाहीत. मीच पुढे बोलत गेले, कारण हे मला कुणाला तरी सांगायचंच होतं. संयुत्त निकायात भिक्षुणींचा एक भाग आहे. दहा भिक्षुणी, दहा छोटी सुत्तं. प्रत्येक भिक्षुणी श्रावस्तीजवळच्या अंधवनात एकटी जाते, आणि प्रत्येकीकडे साधकाला ढळवणारा मार येतो. त्यांतल्या बहुतेक जणींना तो भीतीनं थरथरायला लावायला येतो. सोमा नावाच्या भिक्षुणीला तो बाईच्या तोकड्या बुद्धीवरून हिणवतो. ती विचारते, चित्त नीट स्थिर झालेलं असताना बाईपण आडवं येईल कसं? एकूण एक जणी त्याला ओळखतात आणि तो खट्टू होऊन निघून जातो. स्त्रियांनी रानात एकटं बसून भीतीला तोंड दिल्याच्या इतक्या जुन्या गोष्टी जगात फार थोड्या असतील. आणि त्याच परंपरेत पुढे भिक्षुणींनी अरण्यात राहू नये असा नियम झाला. त्याचं कारण जनावरं नव्हती. रानात त्यांच्यावर पुरुषांनी अत्याचार केले होते. भिक्षूंचं रान भिक्षूंकडे राहिलं, भिक्षुणींचं गेलं.

"गुन्हा कोनाचा, अन् रान कोनाचं बंद केलं," मामा म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता.

म्हणूनच विनोबांनी १९५९ साली पवनारला काढलेलं ब्रह्मविद्या मंदिर मला फार मोठं काम वाटतं. स्त्रियांनी स्वतः चालवलेली, शेतीत राबणारी, ब्रह्मचर्यानं राहणारी साधकांची वस्ती. पण एक कबूल केलं पाहिजे, विनोबांचा भर सामूहिक साधनेवर होता. एकट्याच्या गुहेवर त्यांचा विश्वास उरला नव्हता. स्वतः ते १९१६ साली घर सोडून निघाले तेव्हा डोळ्यांपुढे हिमालय होता, आणि बंगालची क्रांतीही. काशीपर्यंत गेले, तिथून गांधींकडे. हिमालयाची शांती आणि बंगालची क्रांती दोन्ही मला गांधींकडेच मिळाली, असं ते सांगत. १९२१ मध्ये वर्ध्याला आले. १९३८ मध्ये प्रकृती पार ढासळलेली असताना पवनारला राहायला गेले. धामचा पूल ओलांडताना त्यांनी सगळी कामं, सगळे विचार मनानं सोडून दिले. मग तिथे रोज थोडं थोडं खणत राहिले आणि प्रकृती सुधारली.

मामांनी हे लगेच उचललं. "पाह्य, त्यालेबी माणसंच लागली शेवटी. अन् ते तुझे गोव्याचे पंडित? सेवाग्रामले येऊन गेले ते?"

धर्मानंद कोसंबींबद्दल मीच त्यांना पूर्वी सांगितलं होतं. साखवाळ्याचा हा तरुण १८९९ मध्ये बुद्धाचा धर्म शोधायला घराबाहेर पडला. पुणे, काशी, नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश. पैसा नाही, ओळख नाही, परक्या भाषा. पुढे पाली विद्येतलं फार मोठं नाव झालं. विसुद्धिमग्गाच्या संहितेवर त्यांनी हार्वर्ड विद्यापीठात काम केलं, फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली, शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहात भाग घेतला. शरीर थकल्यावर अन्न सोडून, शुद्धीत, त्यांनी ४ जून १९४७ रोजी सेवाग्रामला देह ठेवला. मरणाकडे असं पाहणारा माणूस आमच्या जिल्ह्यात, मामांच्या वावरापासून फार लांब नाही, अशा ठिकाणी गेला, याचा मला नेहमी आधार वाटतो.

"त्यायची बायको? लेकरं?" मामांनी विचारलं.

"घर सोडलं तेव्हा बायको आणि तान्ही मुलगी होती."

"मंग त्या बाईची भीती कोणं पाह्यली?"

याला माझ्याकडे उत्तर नाही. कोसंबींविषयीचा आदर त्यानं कमी होत नाही. पण एकट्याच्या प्रत्येक प्रवासामागे घरात कुणीतरी चूल पेटती ठेवत असतं, आणि तिचं धैर्य कुठल्या निवेदनात येत नाही, हेही तितकंच खरं आहे.

बोलता बोलता रात्र बरीच झाली होती. मामांनी विचारलं, "त्या सुत्तात अजून काय आहे? भीती येते तरी कोनाले, हे सांगतलं का?"

सांगितलं आहे. खरं तर सुत्ताचा मोठा भाग तोच आहे, आणि तो भाग लोक वगळतात, कारण त्यात मोर नाही, पौर्णिमा नाही. बुद्ध सोळा कारणं सांगतो. ज्याची कर्मं शुद्ध नाहीत, ज्याची वाणी शुद्ध नाही, ज्याचं मन शुद्ध नाही, ज्याची उपजीविका शुद्ध नाही, जो लोभी आहे, जो द्वेषानं भरलेला आहे, आळसावलेला, अस्वस्थ, संशयी, स्वतःला मोठं आणि दुसऱ्याला लहान करणारा, मानासाठी हपापलेला... असा माणूस रानात गेला की तो आपल्याच दोषानं भीतीला बोलावून घेतो. तो रानात जातो तो हे सगळं बरोबर घेऊन.

"उपजीविका," मामांनी तो एक शब्द धरला. "म्हणजे पोटाचा धंदा."

"हो."

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पोलवरून आकडा टाकून तारेत करंट सोडते न माणूस, तो त्या राती झोपत नाही. म्या पाह्यलं आहे असे लोक. पिकाले काही होत नाही, डुक्कर येत नाही, तरी झोप नाही. पोट्टं उठून वावरात गेलं तर? शेजाऱ्याचा बैल आला तर? वाघ चिकटला तर फॉरेस्टवाले धरून नेतीन. तार त्यानं लावली डुकरासाठी अन् पहारा देते तारेचा. हे तुझ्या बुद्धानं बरोबर सांगतलं."

"आणि तुम्ही?"

"आपली झटका मशीन हाय. बॅटरीवर चालते, झटका बसते, मरत नाही कोणी. ते लावल्यापासून मी कुंपणाकडं पाहत नाही. जागलीले येतो, आवाज आला तर बॅटरी मारतो, हाकलतो. भीती... आहे न. वाघाची आहेच. ती कायले जाईन? पण ती दुसरी नाही."

एवढं मोजकं आणि नेमकं भाष्य मी या सुत्तावर कुठल्या ग्रंथात वाचलेलं नाही. बुद्धघोषानं मज्झिम निकायावर अट्ठकथा लिहिली, विद्वानांनी त्यावर टिपा लिहिल्या. पण ज्याच्या कुंपणात मारणारी तार नाही, त्यालाच कुंपणाकडे पाठ करून बसता येतं, हे सांगायला वावरवालाच लागला. रानातल्या शांतीची तयारी रानात होत नाही, गावात होते, हे मला त्या रात्री मामांकडून कळलं. आणि तरीही मी माझं म्हणणं सोडलं नाही. तयारी गावात होते. पण ती झाली आहे की नाही, हे एकट्यानं बसल्याशिवाय समजत नाही. सोबतीला कुणी असलं की आपण त्याच्या धीरावर बसतो.

मामांनी यावर वाद घातला नाही. अटी घातल्या. बोरच्या कोअर भागात पायी, एकट्यानं जाता येतच नाही, तिथे जिप्सी आणि गाइड लागतो, म्हणजे बसायचं ते वावरातच. मचाणावरून सकाळ होईस्तोवर उतरायचं नाही. मोबाइल बंद ठेवायचा तर ठेव, पण जवळ ठेव. अमावास्या नको, चांदणं असलेली रात घे. तुझ्या बुद्धानं पंधरावी घेतली होती म्हणते, तर पुनवच घे. "अन् मी घरी जाऊन झोपणार नाही. शेजारच्या वावरात मचाण आहे, तिथी राहीन. हाक दिली तर येईन."

"मग मी एकटी कशी?"

"तुझा बुद्ध सकाळी भिक्षेले गावात येत होता का नाही? मंग त्याचं रान गावापासून किती दूर होतं?"

हे मात्र पोथीत आहे. विसुद्धिमग्गात अरण्यात राहण्याचं व्रत घेतलेल्या भिक्षूसाठी अंतर मोजून दिलं आहे, गावापासून कमीत कमी पाचशे धनुष्यं. चार हातांचं एक धनुष्य, म्हणजे दोन हजार हात. एक किलोमीटरला थोडं कमी. मी हिशेब सांगितला. मामांनी अंधारात हातानं दिशा दाखवून मनातल्या मनात वावरं मोजली.

"शेजारचं मचाण त्याच्या आत येते," ते म्हणाले. "मंग मी नाल्याच्या पलीकडं बसतो."